मिलिमीटरने पुसलेला उंचवटा

आमच्या दादाला ऑफिसात सगळे मिलिमीटर म्हणतात. घरी आम्हीही म्हणतो, पण त्याच्या माघारी. पडदा लावायचा तर हा आधी लेव्हल घेऊन भिंतीशी झटापट करणार, आणि तोवर समोरच्या बिल्डिंगीला आमचा सगळा संसार दिसणार! वहिनी म्हणते, "लग्नाच्या फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत, हे एकटे मागच्या वाकड्या खांबाकडे."

त्याचं काम कॉम्प्युटरवर इमारती उभ्या करण्याचं. उतारावर एक वसतिगृह होणार होतं, तिथवर जाणारा रस्ता त्याने बसवला. मोजणीवाले जमिनीच्या उंचीचे बिंदू देतात, त्यांवरून सॉफ्टवेअर जमीन तयार करतं आणि वर रस्ता अंथरायचा. एका वळणावर मात्र, चादरीतून उशीचं टोक वर यावं तशी, हिरवी जमीन काळ्या रस्त्यातून डोकं काढत होती. खरं तर हा उंचवटा खणायचा आहे, असं तिथे वेगळं दाखवायला हवं होतं. पण दुपारी गिऱ्हाईक चित्र बघायला येणार, आणि साहेब मानेवर बसलेले. दादाने तिथले चार-दोन बिंदूच पुसून टाकले. जमीन गुळगुळीत, सगळे खूश! बिंदू नंतर परत घालू म्हणाला आणि विसरला.

कॉम्प्युटरवरच्या त्याच गुळगुळीत जमिनीवरून खोदकामाचा हिशोब निघाला. जागेवर लागला खडक. तो फोडायचा खर्च कुठेच धरलेला नव्हता, मग बांधणाऱ्यांनी रस्ता सरळ खडकावरून नेला. चढ असा उभा, की विचारू नका.

पाण्याचा टँकर त्या चढावरून मागे घसरला. ड्रायव्हरने उडी मारली, पण पाय चाकाखाली सापडला. पाय राहिला, पण क्लच दाबण्याजोगा राहिला नाही. टँकरच्या मालकाने "पिऊन होता" म्हणून हात झटकले आणि त्याला कामावरून काढलं.

दादाने मूळ मोजणी उघडून पाहिली. टँकर घसरला तो चढ नेमका पुसलेल्या जागी. त्या दिवसापासून याच्या घशाखाली घास उतरेना. साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "अरे, आपलं नाव कुणी घेतलंय का? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"एक तर गप्प बस, नाहीतर जाऊन सांग," मी वैतागले. "पण असा ताटाकडे टक लावून बसू नकोस!"

"तू चल सोबत," तो म्हणाला. एवढा घोडा झालाय, पण धाकट्या बहिणीशिवाय पाऊल उचलेना.

ड्रायव्हर खाटेवर होते, पाय उशीवर. बायकोने खुर्ची पुसून दिली, पाणी आणलं. "तुम्हा बांधकामवाल्यांकडून कुणीतरी आलं, बरं वाटलं," बिचारी म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दादाने सगळं सांगितलं, बिंदू, खडक, सगळं. साहेबांच्या घाईवर ढकलता आलं असतं, पण त्याने ढकललं नाही.

मी शिव्यांची वाट बघत होते.

"म्हणजे ब्रेक मी दाबला होता," ड्रायव्हर म्हणाले. "मलाच वाटायला लागलं होतं, दाबलाच नाही बहुतेक." मग ते कोपरावर रेटून उठायला लागले. "साहेब, जरा थांबता? मुलगी येईल आता कामावरून. तिला हे सांगा. बोलत नाही माझ्याशी. तिला वाटतं, मी प्यायलोच होतो. कधीची सोडलीये हो, पण एकदा नाव पडलं की पडलं."

आम्ही थांबलो. मुलगी आली, आणि तिच्या खांद्यावरची पिशवी उतरायच्या आत दादा उभा राहिला. त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. "तुमच्या वडिलांची काही चूक नाही. चूक माझी आहे. त्यांच्या मालकालाही मी हेच सांगणार आहे."

ती वडिलांकडे बघेना.

"दवाखान्यात, सगळ्यांसमोर, मी यांना काय काय बोललेय, माहितीये तुम्हाला?" ती म्हणाली. "हे आधी का नाही आलात सांगायला?"

"उशीर केला मी," म्हणत दादाने खिशातून फोन काढला. "मालकांचा नंबर द्या, त्यांना आत्ताच सांगतो."