गुडघ्याचं गाऱ्हाणं

पाहुणा येणार म्हटलं की मी आधी यादी करते. देवबागला आमच्या चार खोल्या पर्यटकांसाठी आहेत, त्यातून लागलेली सवय. त्या वेळच्या यादीत पहिली ओळ होती : लांब पलंग. जहाजावर नोकरी करणाऱ्या माझ्या नवऱ्याने फोनवर सांगितलं होतं, "गो, माझ्यावांगडा फिलिपिन्सचो एक दोस्त येता. धा दिवस रवतलो. आपल्या दारातसून तेका वाकान येवचा लागतला."

लांब पलंग काही मिळाला नाही. पायथ्याशी बाक जोडून त्यावर गादी घातली.

हा दोस्त जहाजावर स्वयंपाकी होता. त्याआधी मनिलात अकरा वर्षं बास्केटबॉल हाच त्याचा पोटापाण्याचा धंदा होता. आता चाळिशीला आलेला, उजव्या गुडघ्यावर दोन शस्त्रक्रियांचे व्रण. त्याच्या जुन्या संघाने विचारलं होतं, आमच्या ज्युनिअर खेळाडूंना शिकवायला येशील का? उत्तर रविवारपर्यंत द्यायचं होतं. नाही म्हटलं तर जहाज होतंच. पण नवरा म्हणाला, आठवडाभर गडी तो मेसेज उघडतो आणि नुसता बघत बसतो.

मासे साफ करायला तो माझ्या शेजारीच बसायचा. बांगडे माझ्यापेक्षा भरभर करायचा. मी विचारत गेले, तो सांगत गेला. नवरा अधूनमधून दुभाष्याचं काम करी. गावी माडाच्या खोडाला सळी वाकवून केलेलं कडं ठोकलेलं होतं, त्यात तो सपाता घालून चेंडू टाकायला शिकला. पुढे शहरातल्या संघाने घेतलं. आईच्या घरावर पक्कं छप्पर आलं, दोघी बहिणी नर्स झाल्या. त्याच्या गावच्या भिंतींवर त्याचे फोटो लागायचे, असं नवरा म्हणाला. तो स्वतः त्याबद्दल बोलला नाही.

संपलं कसं, ते मात्र त्याने सांगितलं. दर हंगामाला निवडलेल्यांची नावं सरावाच्या हॉलच्या दारावर लावत. अकरा वर्षं त्याचं नाव होतंच, त्यामुळे वाचायची गरज पडली नव्हती. बाराव्या वर्षी तो तसाच आत गेला, बॅग ठेवली, बूट बांधले. तेव्हा एक नवा खेळाडू खाली मान घालून म्हणाला, दादा, दारावर बघून या.

"मग त्याच दारातून बाहेर पडलो," तो म्हणाला. "बूट तसेच पायात होते." आणि पुढचा बांगडा घेतला.

माझ्या स्वयंपाकघराच्या दारावरही एक कागद असतो. पुढच्या महिन्यात कामाला कोणी यायचं, ते मी त्यावर लिहिते. नाव नसेल ती बाई वाचते आणि घरी जाते.

शनिवारी आम्ही त्याला घेऊन आचऱ्याला, माझ्या माहेरी गेलो. गाऱ्हाणं घालायचं ठरलं होतं. देवळात एक जाणता माणूस देवापुढे मागणं मोठ्याने मांडतो आणि जमलेले लोक त्याला होकार देतात. आमच्याकडे हे काम माझे थोरले काका करतात. मागणं काय, ते मी आदल्या दिवशीच त्यांना फोनवर कळवलं होतं : गुडघा. आणि यादीतल्या 'गाऱ्हाणं' या ओळीवर खूण केली होती. पाहुण्याच्या गळ्यात क्रूस होता, म्हणून देवळात यायला चालेल ना, असं त्याला विचारलं. काखेतला बास्केटबॉल दाखवत तो म्हणाला, "चालेल. चेंडू बाहेर ठेवायचा का, तेवढं सांगा."

काकांनी नारळ ठेवला. "बा देवा महाराजा, सात समुद्रापलीकडसून इललो ह्यो तुझो पावणो. ह्येच्या गुडघ्याची पीडा दूर कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळे म्हणाले.

नवऱ्याने पाहुण्याला अर्थ सांगितला. तो हसला, मग गोंधळला. "गुडघा कोणी सांगितला?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बरा झालेला गुडघा घेऊन या वयात काय करू?" तो म्हणाला. "मला त्या दारातून परत आत जायचं आहे. पाय उचलत नाही. ते मागा."

काका माझ्याकडे वळले. "चेडवा, तेका इचारलंस तरी?"

"नाय."

"खोलयेच्या चादरींची यादी करतंस, तशी देवाचीय केलंस?"

मागून कोणीतरी म्हणालं, "आता परत घालूचा? देव म्हणतलो, ह्येंका काय व्हया ता आधी ठरवन येवक सांगा!"

"गप रे," काका म्हणाले आणि पुन्हा हात जोडले. "बा महाराजा, ह्या चेडवान चुकीचा सांगल्यान, ता पोटात घाल. गुडघो रवांदे. ज्या दारातसून ह्यो भायर पडलो, त्याच दारातसून ताठ मानेन भितर जावक ह्येका बळ दे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" या वेळी पाहुण्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

रविवारी सकाळच्या चहापासून मासळी येईपर्यंत तो पडवीत फोन घेऊन बसून होता. लिहिल्या त्या दोनच ओळी. आधी नवऱ्याला दाखवल्या, मग मला : येतो. पण यादी लावण्याआधी, ज्यांची नावं नाहीत त्यांना मी स्वतः भेटून सांगणार.

मग पाठवलं, आणि सुरमई कापायला सुरी मागितली.

सोमवारी बायका कामाला यायच्या आधीच मी दारावर नुकताच लावलेला कागद काढला. सहा हंगाम माझ्याकडे आलेल्या एका बाईचं नाव त्यात नव्हतं, कारण पुढच्या महिन्यात दोनच खोल्या भरणार होत्या. ती खाडीच्या बाजूला राहते, चालत दहा मिनिटांवर. सहा वर्षांत मी तिच्या घरी पहिल्यांदाच गेले. अंगणात उभी राहूनच सांगून टाकलं.

ती सुपातले तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माका वाटलाच होता." मग सूप बाजूला ठेवलं. "बस मगे. च्या टाकतंय. असला काय उभ्यान सांगतत?"