जकात माफीची यादी

विलायती बार हवा, हा आमच्या लालबागच्या व्यायामशाळेचा जुना हट्ट. आम्ही वजनं उचलायचो ती गिरणीच्या भंगारातल्या शाफ्टवर. वजन वर जाताना तो शाफ्ट मनगट पिळून काढायचा. विलायती बारची टोकं बेअरिंगवर फिरतात, मनगटाला तोशीस पडत नाही, एवढं ऐकूनच आमच्या गड्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं. पण त्यावरची आयात जकात भरायची ऐपत कोणाची? मग कळलं, की हौशी खेळाडूंच्या संस्थांना ती माफ होते, रीतसर अर्ज करायचा. मी मॅट्रिक, फोर्टात कारकून, वर व्यायामशाळेचा चिटणीस. अर्ज माझ्याकडेच आला.

इंग्रजी लिहायला मिळालं की मला चेव यायचा. साहित्य फक्त हौशी खेळाडू वापरतील, एवढी हमी द्यायची होती. मी आगाऊपणा करून सभासदांची यादी जोडली आणि खाली लिहून दिलं, की यादीबाहेरचा कोणीही बारला हात लावणार नाही.

यादीतून मी एकच नाव गाळलं. तो मालवणकडचा, गिरणीत साचे म्हणजे माग चालवायचा, आमच्यातला सगळ्यात ताकदवान गडी. गावच्या जत्रेत त्याने एकदा धोंडा उचलला होता, तेव्हा मानकऱ्यांनी त्याला नारळ, फेटा आणि वर थोडे रुपये दिले. असं इनाम नाकारणं म्हणजे देवाचा अपमान, हे मलाही ठाऊक. तरी माझ्या लेखी तो धंदेवाईक ठरला. नियम म्हणजे नियम, असं मी स्वतःला बजावलं. खरं सांगायचं तर आम्ही दोघे एकाच वजनगटातले. निवड चाचणीला व्यायामशाळेतून एकालाच पाठवायचं होतं आणि चाचणी विलायती बारवर असल्यामुळे त्यावर सराव करणाऱ्यालाच पाठवायचं ठरलं होतं. जुन्या शाफ्टवर मी त्याच्या आसपासही नव्हतो. हे मला तेव्हाही माहीत होतं, त्याचीच आज लाज वाटते.

माफी मिळाली. गोदीतून बारची पेटी सोडवायची त्या दिवशी बाकीची मंडळी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला गेलेली. रात्रपाळी उरकून तो एकटाच आला आणि लालबागपर्यंत हातगाडी त्यानेच ओढली. मी पाठीमागून नावाला ढकलत होतो. पेटीही त्यानेच फोडली. बारवरचं ग्रीस स्वतःच्या बनियनने पुसलं, टोक बोटाने फिरवलं आणि ते किती वेळ फिरतंय ते बघत बसला. मग उचलायला वाकला.

“थांब,” मी म्हणालो. “तुला चालणार नाही. तुझं नाव यादीत नाही.” आणि जत्रेतल्या इनामाचं सांगितलं.

“हात लावलंय तर काय होतला?” त्याने विचारलं. भांडायला नव्हे, खरंच माहीत करून घ्यायला.

“माफी रद्द होईल. बार जप्त होईल.”

त्याने हात मागे घेतले आणि कोपऱ्यातला जुना शाफ्ट ओढला.

चाचणीला मी गेलो आणि पहिल्याच उचलीला गुडघ्यावर बसलो.

पुढच्या वर्षी बारला लावायच्या लोखंडी थाळ्यांसाठी पुन्हा अर्ज घेऊन जकात कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने माझी यादी न वाचताच परत दिली. “ही कोणी मागितली? हमी पुरे आहे.” मी चाचरत जत्रेच्या इनामाचं विचारलं. तो हसायला लागला. “नारळ-फेटा नि चार रुपये घेतले म्हणून कोणी धंदेवाईक होतो का, राव?”

तडक व्यायामशाळेत गेलो. आज त्या मालवणच्या गड्याला सगळं सांगून टाकायचं, असं ठरवलं होतं. आत दुसरा एक गडी बार लाकडी घोडीवर चढवत होता आणि ह्याला हात लावायला बोलावत होता. हा दोन पावलं मागेच उभा.

“माका हात लावूचो नाय,” तो समजावत होता. “कायदो आसा. आमच्या सेक्रेटरीन इंग्लिशीत लिवन दिल्यान हा. तेचा एक अक्षर चुकूचा नाय.”

बोलताना त्याच्या आवाजात माझ्याबद्दलचा अभिमान होता. मला बघताच त्याने सरकून जागा करून दिली. मी कपडे बदलले आणि त्याच्यासमोर विलायती बारवर रोजच्याइतका व्यायाम केला.