वाळलेलं उंबर आणि वहिनीचं पाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि मी कोण, तर ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही असा माणूस.

घरात चार पोरं जमली की उंबराची गोष्ट मीच सांगतो. केंबरं म्हणजे उंबरातला चिलटाएवढा किडा. ते फळाच्या इवल्या तोंडातून आत घुसतं, घुसताना पंख गमावतं, फुलांना पराग देतं, अंडी घालतं आणि तिथंच मरतं. त्याची पिल्लं पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडं. उंबर नाही तर केंबरं नाही, केंबरं नाही तर उंबराला बी नाही. पोरं आ वासून ऐकतात. त्यांना काय ठाऊक, शिनोलीच्या आमच्या बांधावरचं उंबर कुणी मारलं?

मी मारलं. त्याची सावली माझ्या टोमॅटोवर पडायची. दत्ताचं झाड — तोडायची छाती नव्हती. मग गिरमिटानं बुंध्याला भोकं पाडली, तणनाशक ओतलं, वर चिखल लिंपला. चिखल लावून देवाला फसवणारा शहाणा मी.

झाड वाळलं. चुलती म्हणाली, तिच्या सुनेनं — माझ्या वहिनीनं — विटाळात पाणी घातलं, म्हणून देव उठून गेला. वहिनी सगळ्यांसमोर माझ्याकडं वळली. "म्या झाडाखाली गेलेच न्हाई. भाऊजी, तुमी रोज रानात असता. तुमी सांगा की."

एक वाक्य पुरलं असतं. मी हसलो. म्हणालो, "जाऊ द्या वहिनी, उंबर फोडून केंबरं कशाला उडवायची?"

लोकही हसले. हा झाकायला सांगतोय, म्हणजे बाईचंच काहीतरी झाकण्याजोगं असणार — झालं, पुरावा मिळाला. माझ्या त्या विनोदबुद्धीला जोड्यानं हाणावंसं वाटतं. त्या हसणाऱ्यांचाही संताप येतो. बुंध्यावरचा चिखल कुणी नखानंसुद्धा खरवडला नाही, आणि बाईनं न घातलेलं पाणी मात्र सगळ्यांना दिसलं? पण त्यांच्यावर कुठल्या तोंडानं डाफरू? चिखल कुठं लिंपलाय, हे एकट्या मलाच ठाऊक होतं.

यंदा दत्तजयंतीला चुलतीनं नैवेद्याचं ताट वहिनीच्या हातातून काढून घेतलं. एवढी वर्षं झाली तरी. वहिनी पदराला हात पुसून मागं सरली. ताट माझ्यापुढं आलं.

"तू ठेव रं बाबा. तुझ्या हाताला गुण हाय."

मी ठेवलं.