वंदनाताईच्या ओठावरचे फोड

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. त्याला तर मुळीच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल.

वंदनाताई माझी मोठी जाऊ. माहेर एकोडीचं. आम्ही वरठीला एकाच घरात राहायचो. माझे भासरे — म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ — कारखान्यात कामाला, आणि मी भंडाऱ्याला एका खाजगी दवाखान्यात नर्स. सकाळी आठला निघायची, परत यायला संध्याकाळचे सहा. मधल्या वेळात माझा मुलगा तिच्याकडे. त्यांना मूल नव्हतं. तो तिला मोठीआई म्हणायचा. मी घरात पाऊल टाकलं की तिच्या पदरामागे लपायचा. मी हाक मारली की मान हलवायचा — नाही.

एवढंच. यापेक्षा मोठं कारण माझ्याजवळ नाही. ती मला कधी वाकडा शब्द बोलली नव्हती. तुम्हाला वाटेल, एवढ्याशा गोष्टीनं कोणी असं करतं का? करतं.

त्या उन्हाळ्यात तिला ताप आला. तोंड आतून सोललं, ओठावर पाण्याच्या फोडांचा झुपका उठला. ती बोटानंच मलम लावायची. हात धुवायचा सोडून पदराला पुसायची. चार-पाच दिवसांत त्याच बोटाच्या नखाजवळ फोड आले, लालभडक, ठणकणारे. आणि मग जांघेत. ते तिनं आधी मलाच सांगितलं, मान खाली घालून. मीच तिला बाईडॉक्टरकडे नेलं. त्यांनी औषध दिलं, चिठ्ठीवर आजाराचं नाव लिहिलं — हर्पिस.

भासऱ्यांनी ते नाव मोबाइलवर टाकलं. तिथं वाचलं, की हा रोग शरीरसंबंधातून येतो. ते म्हणाले, आपल्याला असलं काही झालेलं नाही, मग हिला कुठून आलं?

आता मला काय माहीत होतं, ते सांगते.

आमच्या दवाखान्यात असे पेशंट येत. डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलं होतं — फोडातल्या पाण्यातच तो रोग असतो. ताज्या फोडाला हात लावून तोच हात दुसरीकडे लावला, तर आपल्याच अंगावर तो जागा बदलतो. ओठावरून बोटावर, बोटावरून डोळ्यात, खालीसुद्धा. पहिल्यांदाच होतो तेव्हा जास्त, कारण शरीरानं त्याला अजून ओळखलेलं नसतं. आणि हेही माहीत होतं, की भासऱ्यांच्या ओठाच्या कोपऱ्यावर दर उन्हाळ्यात फोड यायचे. घरात सगळे म्हणायचे, उष्णता आहे. बायकोला तो नवऱ्याच्या तोंडातून मिळाला असेल, हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता. मी पुरे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी मला अंगणात थांबवलं. मी ड्यूटीवर निघाले होते, खांद्यावर पर्स. भासरे खाटेवर बसले होते. वंदनाताई दारात उभी.

ती म्हणाली, "माझ्याच हातानं लागलं असंन जी. मी तोंडाले मलम लावत होतो ना."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "कुंदा, तू दवाखान्यात काम करतं. तूच सांग. तोंडाचं आपल्या हातानं खाली जाते का?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. भासरेही. त्यांच्या नजरेत राग होता, पण आणखी काही होतं — मी हो म्हणावं असं त्यांनाही वाटत होतं. हे मला तेव्हाच दिसलं होतं. मग मी काय केलं?

मी म्हटलं, "मले नाही माहीत, आई. असं काही ऐकलं नाही मी."

आणि बस पकडायला निघून गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा तिचा भाऊ तिला घेऊन गेला होता. मुलगा रडून रडून झोपला होता. मी त्याला कुशीत घेतलं. मला बरं वाटलं — हेही सांगायलाच हवं. त्या दिवशी मला बरं वाटलं.

वाटलं होतं, महिन्याभरात राग निवळेल. नाही निवळला. दोन वर्षांनी फारकत झाली. भासऱ्यांनी दुसरं लग्न केलं. त्या दोन वर्षांत मला बोलायला किती सकाळी मिळाल्या? रोज एक.

मागच्या वर्षी सानगडीच्या बाजारात ती भेटली. हातात भाजीची थैली, केस बरेच पिकलेले. मला वाटलं, तोंड फिरवेल. तिनं माझा हात धरला. मुलाची चौकशी केली, कितवीत आहे, जेवतो का नीट. मग म्हणाली, "माझी वहिनी अजूनही तुले बोल लावते. मी तिले सांगतलं, कुंदाले माहीत असतं तर ती गप्प राहिलीच नसती. नाही का वं?"

मी "हो" म्हटलं.

तिनं थैलीतून मूठभर वाटाण्याच्या शेंगा काढून माझ्या पिशवीत घातल्या, आणि एकोडीची गाडी सुटेल म्हणून घाईनं गेली.

तिचं घर मला माहीत आहे. वरठीहून सकाळी निघालं तर दुपारच्या आत पोचता येतं. मी गेलेले नाही.