मार्था सिस्टरचा चुना

जखमेवर कुणी पट्टी घट्ट आवळून आणली, की मार्था सिस्टर पेशंटला सोडून बांधणाऱ्याला झापायच्या. "झाका की, पण वारं लागू द्या. आत सडलं मंग?" उमरग्याच्या हायवेवर माझं मेडिकलचं दुकान, शेजारी दवाखाना आणि त्या दवाखान्यात सिस्टर. मूळच्या कोकणातल्या. तरुणपणी नोकरीसाठी इकडं आल्या आणि बोलण्यासकट इथल्याच होऊन गेल्या.

दर मे महिन्यात मात्र रजा टाकून गावी जायच्या. कशाला, तर चर्चला चुना लावायला. समुद्राकाठचं एवढंसं चर्च, मच्छीमारांनीच पूर्वी बांधलेलं. छत होड्या बांधणाऱ्या सुतारांचं, म्हणून आतून उलट्या होडीसारखं दिसायचं. भिंती तांबड्या चिऱ्याच्या, खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या. पावसाआधी घरटी एका माणसानं येऊन चुन्याचा हात मारायचा, ही तिथली रीत. "खारं वारं असतंय. चिऱ्याला घाम येतो बघा. चुना असला की वाळतो," असं त्या सांगायच्या आणि समुद्र न पाहिलेले आम्ही ऐकत बसायचो.

एका वर्षी त्या गेल्या तशा परतल्या. त्यांचा भाचा अँथनी चर्चच्या कमिटीचा प्रमुख झाला होता. त्यानं भिंतींवर आतूनबाहेरून गुलाबी टाइल्स ठोकल्या होत्या, शिंपल्यांच्या खिडक्या काढून अ‍ॅल्युमिनियमच्या बसवल्या होत्या. वर यांनाच म्हणाला, "मावशी, दरवर्षीची कटकट गेली. ओल्या फडक्यानं पुसलं की झालं." सिस्टर माझ्या दुकानातल्या बाकड्यावर येऊन बसल्या. "न्हाणीघर केलं हो देवाचं. मला विचारलं बी न्हाय." त्या पुन्हा गावी गेल्याच नाहीत. पुढं तिथल्या टाइल्स फुगल्या, भिंती आतून भुसभुशीत झाल्या असं कळलं, तेव्हा मी म्हटलं, बरी जिरली. सिस्टर मात्र त्या दिवशी जेवल्या नाहीत.

शेवटच्या आजारात भेटायला आलेल्या अँथनीला त्यांनी माझ्यासमोर बजावलं होतं, "मला इथंच पुरा. वर साधा दगड अन् चुन्याचा हात. फरशी घालू नका." तो मान डोलवत होता.

त्या गेल्या. पुढं काही महिन्यांनी दफनभूमीत गेलो, तर कबरीवर त्याच गुलाबी टाइल्स. मी तिथूनच अँथनीला फोन लावला. "अरे, तू ऐकलं होतंस ना?"

"चर्चच्या कामातल्या उरल्या होत्या," तो म्हणाला. "मावशीसाठीच घेऊन आलो. चांगलं दिसतं ना?"

तेही प्रेमानं म्हणाला. माझं डोकंच फिरलं. जिवंतपणी त्या बाईचं ऐकलं नाही, निदान मेल्यावर तरी ऐकायचं. घरून हातोडा आणला आणि सगळ्या टाइल्स उखडून टाकल्या. त्यांच्या जागी साधा दगड बसवला, चुना भिजवला आणि स्वतः हात मारला. दुकान उघडलं तेव्हा बोटं सोललेली होती.

अँथनी आता पोलिसात जाईन म्हणतो. खुशाल जा म्हणावं. येत्या मे महिन्यात मी पुन्हा चुना लावणार आहे.