कोरडी वीज

वळवाचे दिवस आले की अंजना मगदूम रोज संध्याकाळी जिन्याच्या माथ्यावरच्या खोलीत खुर्ची टाकून बसे आणि काचेतून गच्चीची फरशी बघत राही. शेजारी किरण मोजणारं यंत्र, त्याला जोडलेला लॅपटॉप.

कुरुंदवाडच्या शेतकरी घरातली ही मुलगी आता कोल्हापुरात कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होती. लहानपणी वीज कडाडली की आई तिला आत ओढायची, ही परत उंबऱ्याशी. वर्गात हा विषय निघाला की तिचा आवाज चढे. विजेतून सुटलेले गॅमा किरण हवेतल्या नायट्रोजनच्या केंद्रकावर आदळतात, त्यातला न्यूट्रॉन उडवतात. उरलेलं अस्थिर केंद्रक थोड्या वेळानं पॉझिट्रॉन, म्हणजे धन भाराचा इलेक्ट्रॉन, सोडतं आणि तो विरताना ठरावीक ऊर्जेचे किरण सुटतात. परदेशात हे टिपलं होतं. तिला ते आपल्या गच्चीवरून टिपायचं होतं.

अडचण होती पावसाची. थेंबांबरोबर हवेतले किरणोत्सारी कण खाली येतात आणि यंत्राचा आकडा तेवढ्यानंही चढतो, मग बराच वेळ उतरत नाही. आजवरचा प्रत्येक चढ तिनं स्वतःच खोडला होता. वीज कोरडी हवी होती, आणि फरशी कोरडी होती हे बघायला कुणीतरी जागेवर हवं होतं.

त्या संध्याकाळी पारस, तिचा नवरा, जिन्यातून ओरडला, "अगं, सूर्य बुडायला आलाय! कॅलेंडर बघ की!"

त्यांचं घर जैन; कॅलेंडरवरची सूर्यास्ताची वेळ टळली की कुणी जेवत नसे.

"तुम्ही बसा जेवायला."

"ढगांनी पोट भरतंय व्हय तुझं?"

"आज भरंल असं दिसतंय."

तेवढ्यात माथ्यावरच कडकडाट झाला. पडद्यावरची रेघ उसळली, नेमकी पॉझिट्रॉनच्या किरणांच्या खुणेवर. अंजनानं फरशीवरची नजर हलवली नाही. थेंब नाही. विजेनं किरणोत्सारी झालेला हवेचा पट्टा वाऱ्यानं पुढं गेला तशी रेघ झरकन खाली आली. तरी ती उठली नाही. पावसाचा चढ असता तर रेंगाळला असता. रेघ खालीच राहिली, फरशी कोरडीच. बाहेर अंधारलं. मग कुठं टपोरे थेंब आले.

पारस वर आला. "मिळाली कोरडी वीज?"

"मिळाली. ही मला खोडता येत न्हाय."

तो पडद्याकडं बघत राहिला, मग तिच्याकडं. "आणि जेवण?"

"आता सकाळीच," ती लॅपटॉप मिटत म्हणाली. "पोहे जरा जास्त करा, आणि शेंगदाणे घाला की भरपूर."