पोटदुखीचा कागद

मुलीने मला ते सकाळी सांगितलं, कॉलेजचा डबा भरताना. अकरावीत होती. "आई, मले जगावंच वाटत नाई." मी पोळीला तेल लावत होते, लावतच राहिले.

पुढचा महिनाभर मी धड झोपले नाही. तिच्या खोलीची आतली कडी काढून टाकली, तिच्याशेजारी अंथरूण घातलं. ती आंघोळीला गेली की बाहेरून विचारत राहायचे, साबण आहे का, पाणी कढत आहे का. ती वैतागायची आणि मीही. माया करायची म्हणजे पहारा द्यायचा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

सगळ्यांना मी सांगून ठेवलं होतं की तिचं पोट दुखतं. पोट म्हटलं की आमच्याकडे प्रेम उतू जातं. शेजारणीने ओवा भाजून दिला, नणंदेने ताक पाठवलं. खरं सांगितलं असतं तर त्याच बायका तिच्या लग्नाचं कसं होणार म्हणत बसल्या असत्या.

शेवटी तिच्या कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या, वर्ध्याच्या दवाखान्यात मानसोपचाराचा विभाग आहे, तिथे न्या. हिंगणघाटहून पहिली बस धरली. नावनोंदणीचा कागद काढायच्या रांगेत माझ्या मागे नेमकी आमच्या गल्लीतली बाई उभी. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "काय होते पोरीले?"

"पोट दुखते," मी म्हटलं. महिनाभर घोटलेलं वाक्य, आपसूक बाहेर पडलं.

त्या एका वाक्यापायी आम्ही भलत्याच रांगेत अडीच तास बसलो. डॉक्टरांनी तिचं पोट दाबून पाहिलं, पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या. ती छताकडे बघत पडली होती. मानसोपचाराच्या खोलीशी पोचलो तोवर तिथली नोंदणी बंद झाली होती.

परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, "तुले माही लाज वाटते काय?"

"खिडकी लाव, धूळ येऊन राह्यली," मी म्हटलं. वाटत होती. तिची नाही, लोकांची वाटत होती, पण तिला त्यातला फरक काय कळणार? माझा मलाच राग आला आणि तो राग काढायलाही अंगात त्राण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच बस आणि दवाखान्याची तीच खिडकी. मी पिशवीतला कालचा कागद उगाच चाचपत राहिले. लेकच पुढे झाली, खिडकीशी वाकली. "मले मरावंसं वाटते. कोणत्या खोलीत जाऊ?"

त्या माणसाने मान वर केली, तिच्याकडे पाहिलं. मग कालचा कागद मागून घेतला, पोटदुखी खोडली. "अकरा नंबर. बस तिथे, बाई. घेतात लवकर."

तिला आत एकटीला बोलावलं, नंतर मला. काय काय जपायचं, रोज तिला काय विचारायचं, ते तिथल्या डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. मी मान डोलवत होते. बाहेर येऊन तिने चपला घातल्या आणि म्हणाली, "मंगळवारी बोलावलं. येतो म्हटलं मी."

बसमध्ये बसल्या बसल्या माझा डोळा लागला. महिन्यात पहिल्यांदाच मी तिच्यावरची नजर काढली होती. कुणीतरी खांदा हलवत होतं.

"आई, ऊठ. हिंगणघाट आलं."